बी निगेटिव्ह, टॉक्सो पॉझिटिव्ह आणि माझा स्वभाव: यात खरंच काही संबंध असतो का?

मनीची_मालकीण

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी ३१ वर्षांची, सिंहगड रोडला आनंदनगरला राहते, ऑफिस हिंजवडीला, रोज ॲक्टिव्हानं जाते येते. लग्नाला चार वर्षं झाली, आता बाळाचा विचार करतोय म्हणून डॉक्टरांनी आधीच टेस्ट सांगितल्या होत्या, त्यात टॉर्च (बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या इन्फेक्शन्सची तपासणी) पण होती आणि त्यात टॉक्सोप्लाझ्मा म्हणजे टॉक्सो, मांजरांशी जोडलेला एक परजीवी, त्याचं आयजीजी (जुन्या लागणीची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलं, आयजीएम (नव्या लागणीची) निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाल्या जुनं इन्फेक्शन आहे, काळजी नको, आणि पुढच्या कागदावर गेल्या. माझा ब्लडग्रुप बी निगेटिव्ह, म्हणजे आरएच निगेटिव्ह, आहे हे कॉलेजपासून माहितीये.

तर झालं असं की रिपोर्ट आल्यावर नवऱ्यानं नेटवर वाचायला सुरुवात केली. त्याला कुठेतरी सापडलं की टॉक्सो झालेल्या आणि आरएच निगेटिव्ह असलेल्या लोकांचे गाडीवर जास्त अपघात होतात, आणि मागच्या दीड वर्षात मी दोनदा पडलेय, एकदा दांडेकर पुलाजवळ पावसात आणि एकदा नळस्टॉपला समोरचा रिक्षावाला एकदम थांबला म्हणून. दोन्ही वेळा गुडघे फुटले एवढंच. पण आता तो म्हणतो तू गाडी चालवू नकोस. वाईट हेतूनं नाही, खरंच घाबरलाय तो, हे मला दिसतंय.

दुसरं म्हणजे आमच्या फॅमिली ग्रुपवर ब्लडग्रुपवरून स्वभाव ओळखा असा एक फॉरवर्ड आला, त्यात बी म्हणजे हट्टी, स्वतःचंच खरं करणारे, आणि जाऊबाईंनी खाली लिहिलं की आमच्याकडे तर बी आणि वर निगेटिव्ह. सासूबाईंचं म्हणणं मांजर आल्यापासूनच मी चिडचिडी झाले. मनी सहा वर्षं माझ्याकडे आहे, साताऱ्याहून माहेरून आणलीय, तिला कुणाकडे तरी देऊन टाक असं रोज एकदा तरी निघतं.

मला खरंच कळत नाहीये. चिडचिड वाढलीय हे मी नाकारत नाही. रात्री झोपताना विचार येतो की हे मी आहे का माझ्या डोक्यातला किडा. कुणाला या विषयातलं नीट माहीत असेल तर सांगा प्लीज, धीर द्यायला नको, खरं काय आहे ते हवंय.

---

स्लाइडखालचं_जग

ताई, मी पुण्यातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीला आहे, सतरा वर्षं झाली, हे रिपोर्ट रोज हातावरून जातात. तुम्ही खरं काय ते विचारलंय म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या मिस्टरांनी वाचलं ते खोटं नाही, तो अभ्यास आहे. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात यारोस्लाव्ह फ्लेगर नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांचं सगळं आयुष्य या टॉक्सोप्लाझ्माच्या मागे गेलं, त्यांना स्वतःलाही त्याची लागण झालेली आहे. २००९ साली त्यांच्या गटानं चेक सैन्यातल्या ३८९० ड्रायव्हर्सचा अभ्यास छापला. त्यात आरएच पॉझिटिव्ह लोकांत टॉक्सो असो नसो, अपघातात फरक दिसला नाही. आरएच निगेटिव्ह असलेले, टॉक्सो झालेले, आणि अँटीबॉडीचं टायटर (रक्तातलं प्रमाण) जास्त असलेले, अशा लोकांत अपघाताची शक्यता सुमारे १६.७ टक्के निघाली, बाकीच्यांच्या सहापटीहून जास्त. त्याच्या आधी २००८ मध्ये त्यांनी रक्तदात्यांवर रिॲक्शन टाइम मोजला होता, तिथेही आरएच पॉझिटिव्ह असणं हे संरक्षण देतंय असं दिसलं.

आता हे वाचून कुणीही घाबरेल. पण गाळत जा बघू. ३८९० पैकी आरएच निगेटिव्ह किती, युरोपात साधारण सहा-सात माणसांत एक. त्यातले टॉक्सो झालेले किती, एक हिस्साच. त्यातले पुन्हा जास्त टायटरवाले किती. शेवटी चाळणीत मूठभर उरतात आणि त्या मूठभरांतले दोन-तीन अपघात इकडचे तिकडे झाले की टक्केवारी कुठल्या कुठे जाते. शिवाय सगळे सैन्यातले ड्रायव्हर. हा अभ्यास मी फालतू म्हणत नाही, मला तो अतिशय महत्त्वाचा वाटतो, कारण रक्तपेशीवरच्या आरएच प्रोटीनचं शरीरात नक्की काम काय आणि निगेटिव्ह लोक जगात टिकले कसे हा खरा कोड्याचा प्रश्न आहे आणि त्याला कुणीतरी हात घातला. पण त्यावरून आनंदनगरच्या एका बाईनं गाडी चालवायची का नाही हे ठरत नाही. आणि तुमचा टायटर त्या रिपोर्टवर किती आहे हे तुम्ही लिहिलेलं पण नाही.

स्वभावाचं आता. फ्लेगर यांनी स्वभाव मोजायची कॅटेलची प्रश्नावली वापरून बघितलं तर लागण झालेले पुरुष जास्त संशयी आणि नियम न जुमानणारे निघाले, आणि बायका निघाल्या जास्त मोकळ्या, मायाळू. म्हणजे घरच्यांना टॉक्सोच्याच माथी तुमचा स्वभाव मारायचा असेल तर त्या संशोधनाप्रमाणे तुम्ही आणखी प्रेमळ व्हायला हव्या होता. पुढे २०१६ मध्ये न्यूझीलंडमधून एक अभ्यास आला, ड्युनेडिन गावात जन्मलेल्या मुलांना लहानपणापासून चाळिशीपर्यंत तपासत गेलेत त्यातल्या ८३७ जणांचा. स्वभाव, मनावरचा ताबा, नैराश्य, स्मरणशक्ती असं बरंच मोजलं आणि टॉक्सो असलेल्या नसलेल्यांत जवळजवळ काहीच ठोस फरक सापडला नाही. मला स्वतःला हा अभ्यास जास्त वजनाचा वाटतो कारण ही माणसं निवडून आणलेली नव्हती, एका गावात एका वर्षी जन्मलेली सगळी पोरं होती.

मग ही कल्पना आली कुठून? उंदरांवरून. २००० साली ऑक्सफर्डमध्ये दिसलं की टॉक्सो झालेल्या उंदरांची मांजराच्या वासाची भीती जाते, काही तर त्या वासाकडे ओढले जातात. या परजीवीचं लैंगिक प्रजनन फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं, त्यामुळे उंदीर मांजराच्या पोटात जाणं त्याच्या फायद्याचंच. डोपामिन (मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन) तयार करायला जे एन्झाइम लागतं त्याचे जीन या परजीवीकडे स्वतःचे आहेत हे पण सापडलंय. माणसाच्या मेंदूत त्याच्या गाठी आयुष्यभर झोपून राहतात हेही खरं. जगात अंदाजे तीनातल्या एका माणसात तो आहे. तेव्हा तुम्ही एकट्या नाही, ऑफिसच्या बसमध्ये दहा जण बसले असतील तर त्यातल्या दोघा-तिघांत असायचा.

मनीबद्दल: मांजर बहुतेक आयुष्यात एकदाच, लागण झाल्यावर एक ते तीन आठवडे, विष्ठेतून त्याची अंडी टाकतं. ती पडल्या पडल्या लागण करत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून कचरापेटी रोज साफ केली की धोका खूप कमी. सहा वर्षांची घरातली मांजर आज तुम्हाला देईल अशी शक्यता नगण्य आणि तुम्हाला तर तो आधीच होऊन गेलाय. अर्धंकच्चं मटण, न धुतलेली पालेभाजी, कुंड्यांची माती, पाणी, यातून पण होतो. तो मनीकडूनच आला हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. उलट बाळाच्या दृष्टीनं प्रेग्नन्सीच्या आधीच होऊन गेलेला बरा, धोका असतो तो पहिली लागण त्या नऊ महिन्यांत झाली तर. तुमच्या डॉक्टर म्हणूनच दोन मिनिटांत पुढे गेल्या. पण त्यांनी ते दोन मिनिटं जास्त देऊन समजावलं असतं तर तुमच्या घरात हे झालं नसतं असं मला राहून राहून वाटतं.

---

नागोयाहून_परत

ब्लडग्रुपच्या फॉरवर्डबद्दल मी लिहू शकतो. सदाशिव पेठेत जपानीचे क्लास घेतो, त्याआधी पाच वर्षं नागोयाला होतो. तिथे पहिल्याच आठवड्यात ऑफिसमधल्या एका बाईंनी अगदी सहज, चहा घेणार का विचारावं तसं, ब्लडग्रुप विचारला होता, मला वाटलं मेडिकल फॉर्म भरायचाय. मी बी म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघून ओहो करून हसले.

हे सगळं तिकडचंच आहे. कार्ल लँडस्टायनर यांनी ऑस्ट्रियात रक्तगट शोधले १९०१ च्या सुमाराला, त्याचं नोबेल १९३० मध्ये मिळालं. पहिल्या महायुद्धात लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या जोडप्यानं ग्रीसमधल्या सालोनिकाच्या आघाडीवर जमलेल्या देशोदेशीच्या सैनिकांचे रक्तगट तपासले, त्यात आपले हिंदी सैनिक पण होते, आणि आपल्यात बी फार जास्त निघाला. तिथून लोक रक्तगटाला वंशाशी आणि मग माणसाच्या लायकीशी जोडायला लागले. जपानमध्ये १९२७ साली ताकेजी फुरुकावा यांनी रक्तगट आणि स्वभाव असा निबंध छापला, थोड्याशा माणसांवर. ते मागे पडलं होतं पण १९७१ मध्ये मासाहिको नोमी यांचं पुस्तक आलं, हे डॉक्टर वगैरे नव्हते, आणि ते तुफान खपलं. ए म्हणजे नेटका आणि काळजी करणारा, ओ म्हणजे दिलदार, एबी म्हणजे विचित्र, बी म्हणजे मनाला येईल ते करणारा. तुमच्या फॅमिली ग्रुपवर आलं ते याचंच पन्नास वर्षांनंतरचं पिल्लू.

जपानमध्ये ए चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि बी वीस. म्हणजे तिथे बी हा कमी संख्येचा गट आहे आणि बोलणी त्यालाच खावी लागतात. शाळेत पोरांना चिडवतात, लग्न जमवताना अडतं, त्याला तिकडे बुराहारा असा खास शब्दच आहे, रक्तगटावरून होणारा छळ. २०११ मध्ये भूकंप-त्सुनामीनंतरच्या पुनर्बांधणीचे मंत्री र्यू मात्सुमोतो गव्हर्नर लोकांशी उद्धटपणे बोलले आणि राजीनामा द्यायची वेळ आली तेव्हा आपण बी गटाचे आहोत म्हणून कधी कधी तसं बोलून जातो असं कारण त्यांनी दिलं होतं. हे मी तिथे असताना टीव्हीवर बघितलंय. शेजारी बसलेला माझा बी गटाचा मित्र मान खाली घालून जेवत होता, ते अजून डोळ्यासमोर आहे.

आपल्याकडे बी हा सगळ्यात मोठ्या गटांपैकी एक, साधारण तीनातला एक माणूस. सगळेच हट्टी?

आणि निगेटिव्हचं तर त्या जपानी पद्धतीत नावच नाही. तिकडे आरएच निगेटिव्ह हजारात पाच असतात, कुणी विचारत पण नाही. निगेटिव्ह म्हणजे नकारात्मक हा अर्थ आपण इथे घरी बसून लावलेला आहे. रक्ताच्या पेशीवर डी नावाचं एक प्रोटीन नाही एवढाच त्याचा अर्थ. जाऊबाईंना हे जरूर सांगा, प्रेमानं सांगा.

२०१४ मध्ये केंगो नावाता यांनी जपान आणि अमेरिका मिळून दहा हजारांवर लोकांचे सर्वे तपासले. ६८ प्रश्नांपैकी ६५ मध्ये रक्तगटाप्रमाणे फरक नाही, उरलेल्यात इतका कमी की धरायचं कारण नाही.

---

कोथरूडचा_बी_पॉझिटिव्ह

अभ्यास वगैरे ठीके पण अनुभव पण येतो ना. आमच्या घरात बाबा, मी, धाकटा भाऊ तिघं बी आणि तिघंही एक नंबर हट्टी, आई ओ ती शांत. मी मित्रांचे पण बघितलेत, बरेचदा जुळतं. धूर असेल तर थोडी तरी आग असणारच असं मला वाटतं, रक्त शरीरभर फिरतं मग डोक्यावर परिणाम का नाही होणार?

---

स्लाइडखालचं_जग

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न चांगला आहे. लोकांनी तो तपासलाय. एबीओचा, म्हणजे ए, बी, ओ गट ठरवणारा जीन नवव्या क्रोमोसोमवर आहे आणि त्याच्या जवळच डीबीएच नावाचा जीन आहे जो डोपामिनचं नॉरॲड्रिनलिन हे दुसरं रसायन करायच्या कामात लागतो, त्यामुळे दोन्ही बरोबर वारसानं येत असतील आणि म्हणून काही संबंध असेल अशी एक कल्पना मांडली गेलीय. कल्पना म्हणून वाईट नाही. पण हजारो माणसांत मोजायला गेलं की हाती काही लागत नाही ते वर आलंच आहे.

घरातलं म्हणाल तर तुम्ही तिघांनी नुसता रक्तगट नाही घेतलाय, बाकीचे जीन पण, आणि एकाच छताखाली एकमेकांशी हट्ट करत वाढलात. आणि जुळलं ते लक्षात राहतं. जपानमध्ये असं पण दिसलंय की ज्यांना तो तक्ता माहितीये ते स्वतःबद्दल सांगताना हळूहळू त्या तक्त्याप्रमाणे सांगायला लागतात. मनीताईंच्या बाबतीत मला याचीच भीती वाटते, सगळ्यांनी रोज चिडकी चिडकी म्हटलं की माणूस प्रत्येक शब्द बोलताना स्वतःकडे संशयानं बघायला लागतो.

रक्तगट जिथे खरोखर महत्त्वाचा ठरतो ते स्वभावात नाही, आजारात. ओ गटाला मेंदूवर जाणारा गंभीर मलेरिया कमी होतो, पण कॉलरा झाला तर तो जास्त जोरात होतो. डफी नावाचा रक्तगट नसलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना व्हायव्हॅक्स प्रकारचा मलेरिया सहसा होत नाही कारण त्या जंतूला पेशीत शिरायला दारच नाही. आणि आपल्या मुंबईत १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे ब्लडग्रुप शोधला, ते लोक साध्या टेस्टला ओ दिसतात पण त्यांना ओचं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. रक्तगट म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर हे येतं.

---

घोडनदीकाठचा_डॉक्टर

उशिरा वाचतोय. मी आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात बरीच वर्षं काढली, आता पुण्यात असतो. वरच्या दोघांनी छान लिहिलंय पण एक बाजू राहिली असं वाटतं म्हणून लिहितो, परजीवीमुळे माणूस बदललेला मी डोळ्यांनी बघितलाय, फक्त तो टॉक्सो नव्हता, साधे जंत होते.

अंकुशकृमी म्हणून असतो, हुकवर्म. अनवाणी चालताना मातीतून त्याची अळी पायाच्या कातडीतून आत शिरते, फिरत फिरत लहान आतड्यात जाऊन चिकटते आणि रक्त पिते. रोज थेंबभर थेंबभर, वर्षानुवर्षं. मास्तर सांगायचे हा पोरगा आळशी आहे, वर्गात झोपतो, ह्याचं लक्ष नसतं, घरचे म्हणायचे कामाला हात लावत नाही. हिमोग्लोबिन बघावं तर सहा, सात. गोळी आणि लोह दिलं, दोन-तीन महिन्यांनी तेच पोरगं शाळेच्या आवारात पळताना दिसायचं आणि सगळे म्हणायचे याचा स्वभाव सुधारला. स्वभाव तोच होता हो, रक्त नव्हतं.

अमेरिकेच्या दक्षिण भागात शंभर वर्षांपूर्वी हेच झालं. तिथले गरीब लोक जातीचेच आळशी असं सगळा देश म्हणायचा, चार्ल्स स्टाइल्स नावाच्या माणसानं हुकवर्म दाखवून दिला आणि वर्तमानपत्रांनी त्याला आळसाचा जंतू असं नाव दिलं. १९०९ मध्ये रॉकफेलर यांनी दहा लाख डॉलर देऊन मोहीम काढली, शाळकरी मुलांत सुमारे चाळीस टक्क्यांना लागण निघाली. उपचारानंतर मुलं जास्त शाळेत यायला लागली. आपल्याकडे २०१५ पासून १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची जंतावरची गोळी देतात ती याचसाठी, पालक घाबरून त्या दिवशी पोराला घरी ठेवतात तेव्हा माझा जीव तुटतो.

ताई, तुम्हाला जंत आहेत असं मी म्हणत नाहीये. पण तुम्ही टॉर्च लिहिलं, ब्लडग्रुप लिहिला, आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी ट्वेल्व्ह याबद्दल एक अक्षर नाही. त्याच रिपोर्टच्या गठ्ठ्यात असणार बघा. झोप किती होते? पाळीला रक्त जास्त जातं का? जिना चढताना धाप लागते का? बर्फ, खडू, माती, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का? चिडचिड आणि गाडीवर लक्ष उडणं याला ही कारणं मी हजार वेळा बघितली आणि ही औषधानं बरी होतात.

---

मनीची_मालकीण

डॉक्टरकाका, तुमचं वाचलं आणि उठून फाइल काढली. हिमोग्लोबिन ८.९. बारीक अक्षरात, शेजारी बाण खाली. आमच्यापैकी कुणीच तिकडे बघितलं नव्हतं, आम्ही सगळे टॉक्सो टॉक्सो करत बसलो. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, नॉर्मल आहे. बी ट्वेल्व्ह केलेलं नाही.

पाळीला जातं जास्त, कायमच. आणि कच्चे तांदूळ, तुम्हाला कसं कळलं? गेलं वर्षभर डबा उघडला की मूठभर तोंडात जातात. लहानपणी आजी ओरडायची तांदूळ खाऊ नको लग्नात पाऊस पडेल, त्यामुळे मला ती जुनी सवयच वाटत होती. झोप सहा तासांच्या आत, अमेरिकेचे कॉल रात्री साडेअकरापर्यंत चालतात.

स्लाइडताई, टायटरचा आकडा रिपोर्टवर आहे पण लॅबच्या मर्यादेपेक्षा थोडासाच वर दिसतोय. तुमची उत्तरं मी नवऱ्याला वाचून दाखवली, त्या चाळणीपाशी तो थांबला आणि परत एकदा वाच म्हणाला. मग बराच वेळ गप्प होता. गाडीचं असं ठरलं की रक्त वाढेपर्यंत मी बसनं जाईन, हे मला पटलं, कारण आता कारण खरं आहे. मनी कुठेही जात नाहीये. पेटी नवरा साफ करणार, रोज.

सासूबाईंना आठ पॉइंट नऊ सांगितलं तर त्या एकदम म्हणाल्या अगं मला पण धाकट्याच्या वेळी असंच होतं, मी पण सगळ्यांवर ओरडायचे. हे त्यांनी मला चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बसून बराच वेळ बोलत होत्या.

एकच विचारायचं राहिलं, निगेटिव्हचं मग बाळाच्या दृष्टीनं काहीच नाही का?

---

स्लाइडखालचं_जग

आहे, आणि निगेटिव्हबद्दल खरी लक्षात ठेवायची गोष्ट हीच. मिस्टरांचा गट पॉझिटिव्ह असेल आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळाच्या रक्ताविरुद्ध तुमच्या शरीरात अँटीबॉडी तयार होऊ शकतात, पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, पुढच्याला होतो. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन असतं, साधारण २८ व्या आठवड्यात एक आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक. मधेच गर्भपात झाला किंवा रक्तस्राव झाला तरी लगेच डॉक्टरांना मी निगेटिव्ह आहे हे आठवणीनं सांगायचं, ते समजून चालतील असं धरू नका. मिस्टरांचा गट आजच बघून ठेवा.

आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.